वॉबॅश नदीकाठचे विद्यापीठ आणि पदवीचा हिशेब

शिकागो शहरातून मोटारीने दक्षिणेकडे निघालात, की पहिला तासभर घरे, कारखाने आणि पूल संपत नाहीत. मग एकाएकी आभाळ मोठे होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन, पुन्हा मका आणि सोयाबीन. मध्ये बांधावरची बाभूळ नाही, मोटार बसवलेली विहीर नाही. इथले बहुतेक पीक पावसावरच येते. उलट, जमिनीतले जादा पाणी काढून कसे टाकावे हीच इथल्या शेतकऱ्याची चिंता. त्यासाठी शेताच्या पोटात निचऱ्याचे नळ पुरलेले असतात. वाटेत उंच पांढऱ्या पवनचक्क्यांच्या रांगा लागतात आणि त्यांच्या पायथ्याशीही मकाच उभा असतो. हे इंडियाना राज्य. सरासरी शेत अडीचशे एकरांहून मोठे आणि त्यावर राबणारे हात अगदी थोडे.

सुमारे दोनशे किलोमीटर आल्यावर वॉबॅश नदी लागते. नदीच्या पूर्वेला लाफायेट हे गाव आणि पश्चिमेला वेस्ट लाफायेट. पश्चिमेकडच्या टेकाडावर लाल विटांच्या इमारतींची एक मोठी वसाहत दिसते. तेच पर्ड्यू विद्यापीठ. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग १९५५ मध्ये इथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांच्या नावाच्या इमारतीसमोर त्यांचा तरुणपणीचा पुतळा बसलेला आहे. पाहुणे त्याच्याशेजारी बसून फोटो काढून घेतात.

पण वाचकहो, आज तुम्हाला इथे आणले ते चंद्रासाठी नाही. घरातले पोर बारावी झाले, की आपल्या प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो. शिक्षणाला पैसा घालायचा, तो कर्ज काढून घालायचा का? घातला तर फिटेल का? हा प्रश्न इंडियानातल्या शेतकऱ्याच्या घरातही तसाच उभा राहतो. पर्ड्यूने त्यावर जे उपाय करून पाहिले, त्यातले काही साधले आणि काही फसले. दोन्हींतून आपल्याला घेण्यासारखे आहे.

शेतकऱ्यांच्या पोरांचे विद्यापीठ

विद्यापीठाच्या जुन्या भागात युनिव्हर्सिटी हॉल नावाची एक इमारत आहे. ती १८७७ सालची. सुरुवातीच्या इमारतींपैकी एवढी एकच आज उभी आहे. तिच्यासमोर एक साधी कबर आहे, जॉन पर्ड्यू या व्यापाऱ्याची. त्याने दीड लाख डॉलर दिले, जिल्ह्याने ५० हजार दिले, गावकऱ्यांनी १०० एकर जमीन दिली आणि १८६९ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली. १८७४ मध्ये वर्ग भरले तेव्हा शिकवणारे ६ आणि विद्यार्थी ३९ होते.

मूळ भांडवल मात्र सरकारचे होते. १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे कॉलेज काढावे म्हणून प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशावर कॉलेज चालवायचे, असा तो कायदा. इंडियानाच्या वाट्याला ३ लाख ९० हजार एकर आली. ती जमीन दूर पश्चिमेकडच्या प्रांतांतली होती आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे. एकाच्या पोराच्या शिक्षणासाठी दुसऱ्याची जमीन गेली.

कायद्यामागचा विचार असा, की कॉलेज हे केवळ वकील आणि धर्मोपदेशक घडवण्यासाठी नसावे. कष्टकऱ्यांच्या मुलांनीही शिकावे. त्या मुलांची थट्टाही झाली. १८९१ मध्ये शेजारच्या गावातल्या कॉलेजाला पर्ड्यूच्या मुलांनी फुटबॉलमध्ये हरवले, तेव्हा चिडून त्यांना 'बॉयलर बनवणारे' म्हणून हिणवले गेले. मुलांनी ते नाव अभिमानाने घेतले. आजही इथला विद्यार्थी स्वतःला 'बॉयलरमेकर' म्हणवतो.

गावापासून थोड्या अंतरावर विद्यापीठाचे संशोधन-शेत आहे. राज्यातल्या ९२ ही जिल्ह्यांत विद्यापीठाची विस्तार कार्यालये आहेत. माती तपासून घ्यायची असो, कीड ओळखायची असो, शेतकरी तिथे जातो. म्हणजे पोर शिकले नाही तरी विद्यापीठ बापाच्या उपयोगी पडते.

आपल्या ज्वारीशीही या जागेचा संबंध आहे. ज्वारीच्या मुळांवर वाढून पीक सुकवणारा टारफुला आपण जाणतोच. आफ्रिकेत या तणाने शेतकऱ्यांचे फार नुकसान केले आहे. टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी तयार करण्याच्या कामाबद्दल पर्ड्यूचे प्राध्यापक गेबिसा एजेटा यांना २००९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. ते इथिओपियातल्या एका खेड्यात, गवताने शाकारलेल्या झोपडीत वाढले. शाळा वीस किलोमीटर दूर होती. आईने हट्टाने शिकवले. पुढे ते पर्ड्यूला आले आणि इथेच डॉक्टरेट मिळवली. शिक्षणावर खर्च केलेला पैसा कधी कधी एका घराचे नव्हे, हजारो घरांचे पोट भरतो, तो असा.

फी थांबवली, ती कशी?

आता हिशेबाकडे वळू. डॉलरचा भाव रोज बदलतो, म्हणून आकडे डॉलरमध्येच देतो.

हे विद्यापीठ सरकारी असले तरी फुकट नाही. अमेरिकेत अनेक वर्षे सरकारी विद्यापीठांची फी दर साल वाढत गेली. सरकारचा हात आखडला की फी वाढायची आणि फी वाढली की कर्ज वाढायचे. २०१३ मध्ये मिच डॅनियल्स पर्ड्यूचे अध्यक्ष झाले. ते पूर्वी इंडियानाचे राज्यपाल होते. त्यांनी फी जिथल्या तिथे थांबवली. इंडियानातल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी ९,९९२ डॉलर होती, ती पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तेवढीच राहिली. या काळात बाकी सगळ्या वस्तूंचे भाव वाढले, म्हणजे खऱ्या अर्थाने फी उतरलीच. निम्म्याहून जास्त पदवीधर एका डॉलरचेही कर्ज न घेता बाहेर पडतात, असे विद्यापीठ अभिमानाने सांगते.

पण फी वाढवली नाही तर खर्च भागवला कशातून? काही काटकसर केली. मोठा भाग मात्र विद्यार्थी वाढवून भरून काढला. २०२२ मध्ये इथली विद्यार्थीसंख्या ५० हजारांच्या वर गेली. त्यांत राज्याबाहेरचे आणि परदेशातले बरेच. राज्याबाहेरच्याला फी पडते सुमारे २८,८०० डॉलर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. परदेशातून आलेल्याला त्यावर आणखी शुल्क असते. एकाच्या पोराची फी थांबली ती दुसऱ्याच्या पोराने जास्त भरल्यामुळे, हे विसरू नये. शिवाय गर्दी वाढल्याने राहायच्या खोल्यांची टंचाई झाली. फी ९,९९२ असली तरी राहणे, जेवण, पुस्तके धरून वर्षाचा खर्च तिच्या दुपटीवर जातो. शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, असे समजणारे घर इथे फसते, आणि आपल्याकडेही फसते.

विद्यार्थी हातपायही हलवतात. खानावळीत ताटे उचलणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळेत मदत करणे, अशी तासावारी कामे पुष्कळ मुले करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही रीत ज्यांनी साताऱ्यात पाहिली, त्यांना हे नवे वाटणार नाही.

कर्ज मिळते कसे आणि फिटते कसे

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकार स्वतः कर्ज देते. जामीन लागत नाही, तारण लागत नाही. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षे ७,५०० डॉलरपर्यंत. चार वर्षांची बेरीज २७ हजार. गरजू मुलाच्या कर्जाच्या काही भागावर शिकत असेपर्यंतचे व्याज सरकार भरते, उरलेल्यावर ते चढत राहते. शिक्षण संपल्यावर सहा महिने सवड मिळते, मग हप्ता सुरू होतो.

आता वही-पेन्सिल घ्या. २७ हजार डॉलर कर्ज, साडेपाच टक्के व्याज (२०२३-२४ साली हाच दर होता) आणि १० वर्षांची मुदत. शिकतानाचे व्याज सोडून दिले तरी महिन्याचा हप्ता सुमारे २९३ डॉलर येतो आणि एकूण भरणा ३५ हजारांच्या थोडा वर जातो.

हा हप्ता झेपतो का? अमेरिकन सरकारच्या २०२३ च्या आकड्यांनुसार पूर्णवेळ काम करणाऱ्या पदवीधराची मधली कमाई आठवड्याला १,४९३ डॉलर होती. केवळ शाळा पूर्ण केलेल्याची ८९९ डॉलर. पदवीधराला महिन्याला साधारण अडीच हजार डॉलर जास्त मिळतात आणि त्यातून २९३ चा हप्ता जातो. असा सरळ हिशेब मांडला तर पदवी परवडते, आणि चांगलीच परवडते.

पण याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे आणि ती नीट वाचली पाहिजे. कॉलेजात गेला पण पदवी न घेताच परतला, अशा माणसाची कमाई ९९२ डॉलर. शाळेपुरते शिकलेल्यापेक्षा जेमतेम ९३ डॉलर जास्त, आणि डोक्यावर कर्ज. अमेरिकेत कर्ज थकवणाऱ्यांत सर्वांत जास्त भरणा अशाच अर्धवट सोडणाऱ्यांचा आहे. त्यांचे कर्ज बहुधा लहान असते, पण फेडायला पदवीचा पगार नसतो. पेरणी, खत, खुरपणी सगळे केले आणि कापणीआधी शेत सोडले, तर खर्च वाचत नाही, पीक मात्र जाते.

दुसरी गोष्ट विषयाची. अभियंता, संगणकवाला, इंग्रजी वाङ्मयाचा पदवीधर आणि शाळामास्तर यांनी एकाच विद्यापीठात एकच फी भरली, तरी पगार सारखा येत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ पासून प्रत्येक कॉलेजातून निघालेल्यांची कमाई लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. २०१९ पासून विषयवार कमाई आणि कर्जही दाखवले जाते. त्यात सरकारी मदत घेतलेल्यांचेच आकडे असतात, तरी आई-बापांना डोळे उघडे ठेवून निर्णय घेता येतो. असा तक्ता आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजाच्या फाटकावर लागला, तर किती घरे वाचतील!

शेत मोठे, हातात पैसा नाही

शेतकरी घरांना तिथे एक खास अडचण आली. मदत मागताना कुटुंबाची ऐपत सांगावी लागते. पूर्वी घरची शेती त्यात धरत नसत. २०२४-२५ पासून नव्या नियमाने शेतीची किंमत मालमत्तेत धरू लागले. कागदावर शेतकरी श्रीमंत झाला. जमीन लाखो डॉलरची खरी, पण ती विकली तर खायचे काय? बऱ्याच शेतकरी घरांची मदत कमी झाली. आरडाओरड झाली तेव्हा २०२५ च्या कायद्याने २०२६-२७ पासून शेती पुन्हा वगळली. सातबाऱ्यावर जमीन दिसते म्हणून सवलत नाकारली जाण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

पगाराची बटाई

२०१६ मध्ये पर्ड्यूने एक वेगळाच प्रयोग केला. आपल्या भाषेत त्याला पगाराची बटाई म्हणता येईल. कर्ज म्हणजे खंड. पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम द्यायचीच. बटाईत पिकाचा वाटा द्यायचा. कमी पिकले तर कमी, जास्त पिकले तर जास्त. तसेच इथे. विद्यार्थ्याला पैसे द्यायचे आणि नोकरी लागल्यावर त्याने पगाराचे ठरावीक टक्के ठरावीक वर्षे द्यायचे. अभियंत्याला टक्का कमी, वाङ्मयाच्या पदवीधराला जास्त. एकूण भरणा मूळ रकमेच्या अडीच पटीवर जाणार नाही, अशी मर्यादा. ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच मांडली होती.

ऐकायला फार न्याय्य वाटते. पण बटाईचे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. ज्याचे पीक चांगले आले, त्याला वाटा देताना जड जाते. काही पदवीधरांना चांगला पगार मिळाला आणि साध्या सरकारी कर्जापेक्षा आपण कितीतरी जास्त भरतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. लवकर मोकळे व्हायचे तर अडीच पटीचा आकडा समोर येई. तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. अशा करारांना कर्जाचेच कायदे लावावेत, असा सरकारचाही रोख झाला. २०२२ मध्ये पर्ड्यूने नवे करार थांबवले. उपाय वाईट हेतूने काढलेला नव्हता. पण सही करणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला दहा वर्षांपुढचा हिशेब कोणी नीट मांडून दाखवला होता का, हा प्रश्न उरतोच.

माफीची वाट

साऱ्या अमेरिकेत आज चार कोटींहून जास्त लोकांवर सरकारी शिक्षणकर्ज आहे. एकूण रक्कम १ लाख ६० हजार कोटी डॉलरांच्या वर. हे कर्ज दिवाळे काढले तरी सहसा सुटत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे हप्ते थांबवले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडेन सरकारने काही रक्कम माफ करण्याची घोषणा केली. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द ठरवली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हप्ते पुन्हा सुरू झाले. माफी होणार म्हणून ज्यांनी पैसा दुसरीकडे खर्चून टाकला, त्यांची फार ओढाताण झाली. कर्जमाफीच्या घोषणेवर घर चालवू नये, हा धडा आपल्या बांधावरचाच आहे.

आपल्या घरचा हिशेब

पर्ड्यूत भारतातून आलेली मुले पुष्कळ आहेत. बरीचशी पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात. त्यांना अमेरिकन सरकारचे कर्ज मिळत नाही. फी परदेशी विद्यार्थ्याची आणि कर्ज आपल्या बँकेचे. बँक मोठ्या रकमेला तारण मागते. शेतजमीन तारण धरायला बँका सहसा नाखूश असतात, म्हणून घर किंवा प्लॉट गहाण पडतो. पदवीनंतर तिथे साधारण एक वर्ष काम करता येते, विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना आणखी दोन वर्षे मिळतात. पुढचे परवाने दरवर्षी ठरावीक संख्येनेच निघतात आणि मागणारे त्याहून कितीतरी जास्त असतात. नियमही सरकारनुसार बदलतात. तेव्हा डॉलरच्या पगारावर कर्ज फिटेल असे गृहीत धरून सही करू नका. मुलगा परत आला आणि रुपयात कमवू लागला तर हप्ता झेपेल का, तेवढे आधी पाहा.

इथेच शिकणाऱ्यांसाठी सवलती आहेत, त्या आधी शोधा. शिक्षणकर्ज ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. मुलीला पुढे शिकवायचे की नाही, यावर ज्या घरात अजून बोलणे चालू आहे, त्यांनी हे जरूर वाचावे.

आणि कर्ज काढण्याआधी एका संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, पोराला आणि त्याच्या आईला बरोबर घेऊन चार प्रश्न कागदावर लिहा. फी सोडून राहण्या-जेवणाचा खर्च किती? हाच विषय शिकून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली मुले आज काय कमावतात? कॉलेजच्या जाहिरातीतले नको, गावातल्या, नात्यातल्या मुलांना विचारा. शिक्षण मध्येच अडले तर हप्ता कोण भरणार? आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यापासून, किती रुपयांचा?

चारही उत्तरे कागदावर उतरली आणि जमली, तर कर्जाला भिऊ नका. बियाण्यालाही आपण कर्ज काढतोच. एखादे उत्तर जमले नाही, तर जवळचे कॉलेज, वेगळा विषय किंवा वर्षभर थांबून केलेली तयारी यांत कमीपणा काहीच नाही. पोराचे वय गेलेले नसते, आणि गहाण न पडलेले घर त्याच्या पाठीशी उभे असते.